डिसेंबरात जपानला चाललोय, लाल पानं संपलेली असतील का?

प्रश्न: ताई, आम्ही ठाण्याचे. 1 ते 10 डिसेंबर जपानला चाललोय, मी, नवरा, 9 वर्षांचा मुलगा आणि सासूबाई (वय 68, गुडघे दुखतात, शुद्ध शाकाहारी). सुट्टी तेव्हाच मिळाली म्हणून तिकिटं तेव्हाची काढली, टोकियोला उतरायचं आणि तिथूनच परत. आता जो भेटेल तो सांगतोय की लाल पानं बघायची तर नोव्हेंबरच, डिसेंबरात झाडांचे खराटे झालेले असतात. तारखा बदलायच्या तर बरेच पैसे जातात. पण सासूबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून काहीतरी मागितलंय, "मला ती लाल झाडं देवळात बघायचीत" म्हणाल्या, म्हणून जीव खालीवर होतोय. बदलू का तारखा? आणि नाही बदलल्या तर कुठली देवळं, कुठल्या बागा? मला तू म्हटलंत तरी चालेल. - ठाण्याची एक सून

उत्तर:

अगं तारखा बिलकुल बदलू नकोस. हे आधी सांगून टाकते म्हणजे बाकीचं तू शांतपणे वाचशील.

नोव्हेंबर म्हणणारे लोक चुकीचं सांगत नाहीयेत, पण ते वेगळ्या जागांबद्दल बोलतायत. रात्रीचं तापमान 8 अंशांच्या आसपास उतरायला लागलं की मेपलच्या पानातलं हिरवं द्रव्य तुटायला लागतं, पानात अडकलेल्या साखरेपासून लाल रंग तयार होतो, आणि ही थंडी सगळीकडे एकाच दिवशी पोचत नाही. आपल्याकडे महाबळेश्वरला शाल काढावी लागते तेव्हा खाली वाईत पंखे चालू असतात ना, तसंच. तिथेही रंग आधी डोंगरावर येतो, मग हळूहळू खाली उतरतो आणि सगळ्यात शेवटी समुद्राजवळच्या आणि मोठ्या शहरांच्या बागांमध्ये पोचतो. म्हणजे निक्को, हाकोनेचा वरचा भाग, फुजीच्या आजूबाजूची तळी, हे सगळं तू जाशील तोवर संपलेलं असेल, तिथे पानांसाठी जाऊ नकोस. क्योतोजवळचं ओहारा, कुरामा, ताकाओ हा डोंगराळ भाग पण सोडून दे, आणि टोकियोजवळचा ताकाओ डोंगर पण (नाव एकच, जागा दोन, यात लोक फार गोंधळतात). पण खुद्द क्योतो शहरात नोव्हेंबरच्या शेवटापासून डिसेंबरचा पहिला आठवडा हा चांगला काळ असतो, अलीकडच्या वर्षांत ऑक्टोबर-नोव्हेंबर गरम जातायत त्यामुळे तो अजून पुढे सरकतोय, टोकियोच्या जुन्या बागांत डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातसुद्धा छान लाल असतं आणि टोकियोजवळच्या समुद्राकाठच्या कामाकुराला तर डिसेंबरचा पहिला-दुसरा आठवडा हाच खरा सीझन. तुझ्या तारखा उशिराच्या आहेत हे खरं, पण उशिराचं जपान हे उरलंसुरलं जपान नाही, फक्त जागा बदलतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि बहुतेक लोक हे उलटं करतात: क्योतो आधी उरकून घे, टोकियो मागाहून. टोकियोला उतरलात की एक रात्र तिथे झोपा, सासूबाईंना विमानातून काढून लगेच दुसऱ्या गाडीत बसवू नकोस, आणि 2 तारखेला सकाळीच शिंकानसेनने (म्हणजे बुलेट ट्रेनने) क्योतो गाठा, सव्वादोन तासांचा प्रवास आहे. 5 तारखेपर्यंत क्योतो आणि मग टोकियो-कामाकुरा. लोक उलटं करतात, आधी टोकियो फिरत बसतात आणि 8 तारखेला क्योतोत पोचून म्हणतात सगळं गळालं. आणि हो, या प्रवासासाठी सात दिवसांचा जेआर पास (जपान रेल्वेचा परदेशी पर्यटकांसाठीचा पास) काढू नकोस, 2023 च्या ऑक्टोबरमध्ये तो 50,000 येन झाला, टोकियो-क्योतो जाऊन-येऊन साधं तिकीट माणशी 28-29 हजार येनच्या आसपास पडतं.

जिन्जाबद्दल (म्हणजे शिंतो देवळं, लाल किंवा लाकडी तोरी कमान असलेली) एक गोष्ट कोणी सांगत नाही. मोठ्या जिन्जांची झाडी बऱ्याच ठिकाणी सदाहरित असते. टोकियोचं मेइजी जिन्गू 1920 चं, देशभरातून लोकांनी दिलेली लाखभर झाडं लावून उभं केलेलं जंगल आहे ते, अप्रतिम आहे, पण डिसेंबरातही हिरवंगारच दिसतं. फुशिमी इनारीच्या हजारो कमानी बघायला जरूर जा, पण लाल तिथे कमानी असतात, पानं नाहीत. म्हणून पानांसाठी जिन्जा निवडूनच घ्यायला लागतात, आणि सासूबाईंनी "देवळात" म्हटलंय म्हणून मी तुला दोन सांगते, दोन्ही क्योतोत.

पहिलं शिमोगामो जिन्जा. माझं मत विचारशील तर तुमच्या पूर्ण ट्रिपमधली ही सगळ्यात महत्त्वाची जागा. देवळाच्या पुढे तादासु-नो-मोरी नावाचं जुनं जंगल आहे, साधारण 12 हेक्टर, शहराच्या मधोमध, दोन नद्यांच्या संगमाजवळ, आणि 1994 पासून जागतिक वारशात आहे. इथली मोठी झाडं बहुतेक पानगळीची आहेत आणि क्योतो शहरात सगळ्यात उशिरा रंगणाऱ्या जागांमध्ये हिचं नाव घेतात, डिसेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात सुद्धा. नुसतं लाल नाही, पिवळं, तांबूस, विटकरी असं सगळं मिसळलेलं, बाजूने ओढा वाहतोय, आणि रस्ता सपाट आहे, चढ नाही, फक्त बारीक खडी आहे म्हणून चाकाची खुर्ची नीट चालत नाही पण काठी घेऊन आरामात होतं. जंगलात फिरायला तिकीट नाही. सकाळी आठच्या सुमाराला जा, त्या वेळी तिरपं ऊन झाडांतून येतं आणि माणसं कमी असतात. आतच कावाई जिन्जा म्हणून छोटं देऊळ आहे, तिथे हातआरशाच्या आकाराची लाकडी पाटी मिळते, तिच्यावर चेहरा काढलेला असतो, तो आपण रंगवायचा आणि मागे आपलं मागणं लिहायचं, तू आणि सासूबाई दोघी मिळून करा हे. मुलाला मितारशी दांगो खायला घाल, तांदळाच्या पिठाचे भाजलेले गोळे सोया सॉस-साखरेच्या पाकात, हा पदार्थ या देवळाच्या मितारशी तळ्यावरूनच आला असं मानतात आणि जवळच त्याचं जुनं दुकान आहे.

दुसरं कितानो तेनमान्गू. इथला देव म्हणजे सुगावारा नो मिचिझाने, नवव्या शतकातला विद्वान, आता विद्येचा देव, परीक्षेच्या आधी पोरं इथे रांगा लावतात. आवारात बैलांच्या मूर्ती आहेत, त्यांच्या डोक्यावरून हात फिरवून मग आपल्या डोक्यावरून फिरवायचा, मुलगा खूष होईल. पानांची बाग वेगळी आहे, ती फक्त सीझनला उघडतात, साधारण डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, नक्की तारीख दरवर्षी बदलते म्हणून निघायच्या आधी देवळाच्या साइटवर बघ आणि क्योतोत पोचल्यावर लांबणीवर टाकू नकोस. हिदेयोशी या तेव्हाच्या राज्यकर्त्याने 1591 मध्ये शहराभोवती मातीचा तट घातला होता, त्याचा तुकडा इथे उरलाय आणि त्याच तटावर साडेतीनशेच्या आसपास मेपल आहेत, वरून खाली ओढ्याकडे बघायचं, लाल लाकडी पूल आहे. तिकीट हजार-बाराशे येनच्या घरात आणि त्यात चहा आणि एक गोड पदार्थ येतो. पण पायऱ्या आहेत गं. सासूबाईंना पूर्ण खाली उतरवू नकोस, वरून जेवढं दिसतं ते भरपूर आहे, आणि मग चहाच्या जागी बसवून तुम्ही तिघं पटकन खाली जाऊन या.

क्योतोची प्रसिद्ध नावं म्हणजे तोफुकुजी आणि एइकान्दो, ही बौद्ध मंदिरं. तोफुकुजीला दरीवर लाकडी पूल आहे आणि खाली दोनेक हजार मेपल, असं सांगतात की मिंचो नावाच्या चित्रकार भिक्षूने इथली चेरीची झाडं तोडायला लावली, फुलं बघायला लोक जमले की साधनेची जागा मौजमजेची होते म्हणून, आणि मग राहिले मेपल, आणि आता त्याच मेपलसाठी एवढी गर्दी होते की ऐन सीझनला पुलावर फोटो काढायला बंदी असते. 2-3 तारखेला जाणार असाल तर जा, सकाळी उघडायच्या आधी दारात उभं राहायचं. 4-5 नंतर तिथे जमिनीवरच जास्त रंग असेल, तरी त्याच मंदिरातली होजोची (मुख्य भिक्षूच्या निवासाची) बाग बघण्यासारखी आहे, 1939 ची, शेवाळ आणि दगडाचे चौकोन बुद्धिबळाच्या पटासारखे विरत जातात. एइकान्दोमध्ये बुद्धाची मूर्ती मान वळवून मागे बघतेय, मागे राहिलेल्या भक्तासाठी थांबल्यासारखी, सासूबाईंना ही गोष्ट सांग, त्यांना नक्की भिडेल. दोन्हीपैकी एकच कर. दोन्ही केलंस तर तिसऱ्या दिवशी गुडघे बोलतील.

आणि बागेसाठी मुरिन-आन. यामागाता आरितोमो या राजकारण्याचा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटचा बंगला, बाग ओगावा जिहेइ नावाच्या माळ्याची, बिवा तळ्याच्या कालव्याचं पाणी आत खेळवलंय आणि मागचा हिगाशियामा डोंगर बागेतच असल्यासारखा दिसतो. ओसरीवर बसून माच्चा (हिरव्या चहाच्या पुडीचा चहा) प्यायचा आणि समोर बघत राहायचं, चालायचं फार नाहीच. आधी ऑनलाइन बुकिंग करावं लागतं आणि तेच चांगलं आहे, कारण त्यामुळे आत झुंबड नसते. मला विचारशील तर सासूबाईंना ज्या लाल झाडांची ओढ आहे ती त्यांना शांत बसून, कोणी मागून ढकलत नसताना बघायला मिळावी, त्यासाठी इथे दीड तास दे, उठायची घाई करू नकोस.

पाऊस पडला किंवा वारा सुटला तर? एका रात्रीत अर्धी पानं खाली येतात, हे होऊ शकतं आणि उशिरा जाणाऱ्याने हे मनात धरूनच जायचं. पण मग दुसऱ्या दिवशी सकाळी प्लॅन बदलून होनेन-इन मंदिरात जा (गवती छपराची दिंडी, हिरवं शेवाळ आणि त्यावर लाल पानांचा खच, आवारात तिकीट नाही) किंवा क्योतोच्याच यामाशिना भागातल्या बिशामोन्दो मंदिरात, तिथे पायऱ्यांवर पानांचा गालिचा पडतो. जपानी लोक हा गालिचा बघायला मुद्दाम येतात. बिशामोन्दोला स्टेशनपासून चढ आहे तेव्हा टॅक्सी कर. एकंदरच क्योतोत टॅक्सीला बिचकू नकोस, बसचं तिकीट माणशी 230 येन, सीझनला बस इतक्या भरलेल्या की उभं राहायलाही जागा नाही, चौघं मिळून जवळच्या अंतराला टॅक्सी केलीत तर फरक थोडाच पडतो आणि गुडघे वाचतात. दार ड्रायव्हरच उघडतो आणि बंद करतो, ओढायला जाऊ नका. बसचा स्वस्त एक दिवसाचा पास आता बंद झालाय, जुनी माहिती वाचून तो शोधत बसू नकोस.

आता टोकियो. 6 ते 9 तारखेत रिकुगिएन आणि कोइशिकावा कोराकुएन या दोन बागा, प्रत्येकी 300 येन, 65 च्या वरच्यांना अर्धं तिकीट, सासूबाईंचा पासपोर्ट जवळ ठेव. रिकुगिएन 1702 ची, यानागिसावा योशियासु या सरदाराने जुन्या कवितांमधल्या 88 जागा बागेत उभ्या केल्या, तळ्याभोवती वाट आहे आणि तळ्याकाठी चहाचं घर. डिसेंबरात जाणाऱ्याला इथे एक जादा गोष्ट मिळते: पाइनच्या फांद्या बर्फाने मोडू नयेत म्हणून वरून दोऱ्या बांधून छत्रीसारखा सांगाडा करतात, तो आणि मागे लाल मेपल हे एकत्र दिसतं, नोव्हेंबरच्या सुरुवातीला आलेल्यांना ते तिथे दिसत नाही. संध्याकाळी दिव्यांची रोषणाई असते त्याचं तिकीट वेगळं आणि आधी काढलेलं बरं. कोइशिकावा कोराकुएन त्याहून जुनी, 1629 ला सुरू झालेली, तोकुगावा या शोगुनांच्या (लष्करी राज्यकर्त्यांच्या) घराण्याची, आणि तिच्यात तोफुकुजीच्या त्या पुलाची छोटी लाल नक्कल आहे, मूळ पूल बघून आलात तर मुलाला ओळखायला लाव.

तुझे पुण्याचे कोणी असतील तर सिंहगड रोडची पु. ल. देशपांडे उद्यानाची बाग तू बघितली असशील, ती ओकायामाच्या कोराकुएनवरून केलेली आहे, टोकियोच्या नाही. ओकायामा क्योतोहून शिंकानसेनने तासाभरावर आहे, मूळ बाग 1700 ची, पण तिथला मेपलचा भाग नोव्हेंबरात रंगतो, तेव्हा या वेळी त्यासाठी एक दिवस घालवू नकोस असं मला वाटतं.

कामाकुराला एक पूर्ण दिवस दे, टोकियो स्टेशनहून थेट लोकल आहे, तासभर. शनिवार-रविवार टाळ. किता-कामाकुराला उतरलात की एन्गाकुजी समोरच, 1282 चं झेन मंदिर, दाराच्या पायऱ्यांवरच मेपल आहेत, ते खालून सुद्धा बघता येतात. झुइसेनजी हे मंदिर तिथलं सगळ्यात उशिरा रंगणारं, पण दगडी उंचसखल पायऱ्या आहेत, तू आणि नवरा जा, तोवर मुलगा आजीबरोबर मोठ्या बुद्धाकडे बसेल, 11 मीटरहून उंच कांस्यमूर्ती आहे आणि तिच्या पोटात शिरता येतं. नाहीतर सगळ्यांनी हासेदेरा मंदिराच्या खालच्या बागेत वेळ घालवा. आणि जाता जाता एक रंग अजून, टोकियोच्या मेइजी गाइएन बागेतल्या गिंकोच्या (पंख्यासारख्या पानांच्या) झाडांच्या रांगा, 146 झाडं, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बरीच पानं खाली आलेली असतात आणि फुटपाथ पिवळा होतो.

सगळीकडे पानं गेलीच, असं वाईटात वाईट वर्ष निघालं तर आतामीचं बाइएन हातात ठेव. समुद्राकाठचं गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव आहे, टोकियोहून शिंकानसेनने पाऊण-एक तास, तिथले लोक आपल्या बागेला जपानमधली सगळ्यात उशिराची लाल पानं म्हणून मिरवतात, आणि मूळ ती आहे प्लमची बाग, त्यामुळे डिसेंबरात एखाद्या फांदीवर प्लमची पहिली फुलंही उमललेली असतात.

दिवसाला दोन जागा, तीन नाही. कारण दिवस फार लहान असतो, क्योतोत पावणेपाचला आणि टोकियोत साडेचारलाच सूर्य मावळतो, बागा साडेचार-पाचला बंद, आत सोडणं त्याच्याही आधी थांबतं. आपल्याला नाश्ता करून दहाला निघायची सवय असते, तिथे दहाला निघालं की अर्धा दिवस गेला. रात्री लवकर झोपा, सकाळी सात-साडेसातला बाहेर पडा. पहाटे 4-5 अंश, दुपारी 12-13, म्हणजे थंडी सोसवेल अशी आहे पण मंदिरात चपला-बूट काढून लाकडी जमिनीवर चालायचं असतं आणि ती जमीन बर्फासारखी असते, सासूबाईंना लोकरीचे मोजे दोन जोड घे आणि बूट असे घे की वाकून नाडी बांधायला लागणार नाही.

देवळात वागायचं कसं ते त्यांना आधी सांगून ठेव म्हणजे तिथे अवघडणार नाहीत. कमानीपाशी किंचित वाकायचं, रस्त्याच्या मधोमध चालायचं नाही, तो देवाचा मानतात. पाण्याच्या कुंडावर आधी डावा हात, मग उजवा, मग डाव्या तळहातावर पाणी घेऊन चूळ, ओगराळ्याला तोंड लावायचं नाही. जिन्जात पेटीत नाणं टाकून दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, मनातलं मागायचं, परत एकदा वाकायचं. बौद्ध मंदिरात टाळ्या नाहीत, नुसता नमस्कार, आपल्यासारखाच. नारळ, कुंकू, घरून नेलेली उदबत्ती हे काही नको, मंदिरात त्यांची उदबत्ती मिळते ती लावता येते. शेवाळावर पाय पडू देऊ नकोस, ते वाढायला वर्षं लागतात, आणि मुलाला फांदी हलवून पानं पाडायला देऊ नकोस, फोटोसाठी हे करताना मी मोठ्या माणसांना बघितलंय आणि मला फार वाईट वाटतं.

शाकाहाराचं थोडं जड आहे. भाजी-तोफूचा पदार्थ दिसला तरी रस्सा बहुतेक वेळा सुक्या माशाचा असतो, त्याला दाशी म्हणतात, म्हणून "मांस नाही" एवढं सांगून पुरत नाही, "मासा नाही, दाशी पण नाही" असं जपानीत लिहिलेला कागद जवळ ठेव. मंदिरांच्या आसपास शोजिन र्‍योरी मिळते, भिक्षूंचं जेवण, तिथे निर्धास्त जेवता येतं पण बुकिंग लागतं. घरून मेतकूट, लोणचं, दशम्या घेऊन जा, भात सगळीकडे चांगला मिळतो.

एक जागा अजून, पानांसाठी नाही. टोकियोच्या असाकुसा भागातल्या सेन्सोजी मंदिरापासून दहा मिनिटांवर मात्सुचियामा शोदेन म्हणून टेकडीवरचं मंदिर आहे, तिथला कान्गितेन म्हणजे आपला गणपतीच, भारतातून चीनमार्गे गेलेला. मूर्ती दाखवत नाहीत, झाकलेली असते, आणि नैवेद्याला मोदक नाही तर पांढरा मुळा वाहतात, तो तिथेच विकत मिळतो. वर जायला छोटी रुळावरची गाडी आहे, गुडघ्यांचा प्रश्न नाही. टोकियोत पोचल्यावर मंगळवार सापडला तर त्याच दिवशी सासूबाईंना घेऊन जा.

आणि निघायच्या आठवडाभर आधीपासून रोज एक काम कर, या जागांची नावं जपानी लिपीत कॉपी करून इन्स्टावर टाक आणि "लेटेस्ट"मध्ये काल-परवाचे फोटो बघ, गावातले लोक रोज टाकत असतात. झाड अजून हिरवं-लाल असेल तर तू जाशील तेव्हा भरात असेल, पूर्ण लाल असेल तर ती जागा पहिल्या दिवसावर आण. मुरिन-आनचं आणि रिकुगिएनच्या संध्याकाळचं बुकिंग मात्र उघडलं की लगेच करून टाक.